पालथा दगड

दक्षिण इटलीत, कालाब्रियातल्या स्तिलो गावाच्या वर, मोन्ते कोन्सोलिनोच्या उतारावर ‘ला कात्तोलिका’ आहे. विटांचं, पाच घुमटांचं, मूठभर माणसांत भरून जाणारं बिझंटाईन चर्च. आतले चार खांब जुन्या इमारतींतून उचललेले. एकाच्या तळाशी ग्रीक आयोनिक शैलीतल्या खांबाचं शीर्ष चक्क पालथं घातलंय. जुन्या देवांवर नव्याचा विजय, असं म्हणतात. मला पटत नाही. गवंड्याला उंची जुळवायची असणार! शिवाय खांबावर अरबीत ईश्वराची स्तुती कोरलेली आहे, तीही कुणी खरवडली नाही. मग छत तोलणारा दगड कोणत्या धर्माचा?

याच गावात १५६८ साली जन्मलेल्या काम्पानेल्ला या तत्त्वज्ञाने नेपल्सच्या तुरुंगात ‘सूर्यनगरी’ या पुस्तकातली आदर्श नगरी रचली. त्या नगरीत सगळ्यांचा धर्म एकच. राहायचं म्हटलं तर मी बेमेळ खांबांची ही खोलीच निवडेन.