विटेवर उभं राहणारा ट्रस्टी



आजचं वाचन : ज्ञानेश्वरी, अध्याय ३, गीतेच्या २० आणि २१व्या श्लोकांवरचा भाग.

श्लोकाचा अर्थ आपल्या सगळ्यांना माहीत आहे. मोठी माणसं जसं वागतात तसं बाकीचे वागतात, म्हणून पुढे असणाऱ्याने जपून वागावं. माउली इथे एक साधा दाखला देतात. वाटेत आंधळा माणूस सोबत असेल, तर पुढे चालणारा डोळसही त्याच्याच चालीने चालतो. पुढे पळत नाही, मागे ओरडत नाही.

इतकी वर्षं हा दाखला वाचताना मी स्वतःला डोळस समजत होतो. गेल्या महिन्यात तो माझ्यावरच उलटला.

झालं असं. एका छोट्या संस्थेने मला विचारलं, विश्वस्त व्हाल का? ही संस्था आजाऱ्यांसाठी नाही, आजाऱ्याचं करणाऱ्या घरच्या माणसांसाठी आहे. कुणाचे सासरे अंथरुणाला खिळलेले, कुणाची आई स्वतःचं नाव विसरलेली, कुणाचा चाळीस वर्षांचा मुलगा अजून लहान मुलासारखा. त्यांचं सगळं जे करतात त्यांना पगार नाही, रजा नाही. त्यांना आठवड्यातून चार तास तरी मोकळे मिळावेत म्हणून संस्था घरी मदतनीस पाठवते. मला हिशेबातलं कळतं आणि मी तरुण आहे, म्हणून माझं नाव पुढे आलं.

मीटिंग शनिवारी सकाळी ११ वाजता होती. मी पाहुणा म्हणून बसलो. सगळे सज्जन, खिशातले पैसे घालणारे. विषय होता एका देणगीदाराचा. त्यांना वडिलांच्या नावाने सभागृह बांधून द्यायचं होतं. मदतनिसांच्या पगारासाठी तेच पैसे द्याल का, यावर नकार होता, कारण पगारावर नावाची पाटी लागत नाही. चर्चा रंगली. मग मी सहज विचारलं, "ज्यांच्यासाठी हे चाललंय, त्यांच्यातलं कुणी इथे का नाही?" अध्यक्ष मनापासून म्हणाले, "अहो, दरवेळी बोलावतो. येतच नाहीत."

घरी येऊन आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती. हसली. "अकराला? अकराला आजीची अंघोळ असायची. त्या बायका कशा येतील रे?"

मी गप्प झालो.

आमच्या आजीला अर्धांगवायू झाला तेव्हा मी पुण्यात शिकत होतो. पुढे नोकरीही तिकडेच. आईने नऊ वर्षं आजीचं केलं. दिवाळीला मी यायचो, आजीसोबत फोटो काढायचो, आईला म्हणायचो, "आई, तू ग्रेट आहेस." देऊळ घरापासून चालत पंधरा मिनिटांवर. तरी त्या नऊ वर्षांत आईने अंबाबाईचा किरणोत्सव एकदाही पाहिला नाही. सूर्य मावळताना किरणं देवीच्या चरणांवर येतात, नेमकी तीच आजीला भरवायची वेळ. हे मला आत्ता कळलं. मी कधी विचारलंच नव्हतं.

म्हणजे माउलींच्या दाखल्यात डोळस कोण? त्या टेबलाभोवती बसलेले आम्ही? आम्हाला तर अकरा वाजता घरात काय चालतं हेही दिसत नव्हतं. डोळस आई होती. आंधळे आम्ही, आणि चाललो होतो तिच्यापुढे.

आज आपल्यापुढचा प्रश्न हाच आहे. ज्याने ते ओझं उचललेलं नाही, त्याला ते उचलणाऱ्यांचं नेतृत्व करायचा काय अधिकार?

पहिलं उत्तर सोपं वाटतं : ज्यांनी सोसलंय त्यांनीच पुढे व्हावं. याला आधारही आहे, तोही आपल्याच गावात. नसीमा हुरजूक यांच्या पायांतलं बळ ऐन तारुण्यात गेलं, व्हीलचेअर आली. १९८४ मध्ये त्यांनी इथे 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' उभी केली. त्यांचं 'चाकाची खुर्ची' वाचलं नसेल तर जरूर वाचा. डॉ. जगन्नाथ वाणी धुळ्याचे, कॅनडात कॅलगरीच्या विद्यापीठात प्राध्यापक होते. त्यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. त्या घरच्या अनुभवातून त्यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन सुरू केली. २००४ चा 'देवराई' सिनेमाही त्यांच्याच पुढाकारातून आला. भावाच्या आजारात बहिणीच्या संसाराची होणारी ओढाताण त्यात दिसते. कायद्यालाही हे पटलंय. मतिमंदत्व, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी असलेल्यांसाठी १९९९ च्या कायद्याने जो राष्ट्रीय न्यास स्थापन झाला, त्याच्या मंडळावर पालकांच्या संघटनांसाठी वेगळ्या जागा ठेवल्या आहेत.

पण मला हे उत्तर पुरत नाही. एक तर ज्याला दिवसभर उसंत नाही त्याच्यावर ट्रस्टचाही भार टाकायचा, ही कसली मदत? सार्वजनिक ट्रस्ट म्हणजे ऑडिट, बदल अर्ज, धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय. ते कुणीतरी करायलाच हवं. आणि दुसरं जरा नाजूक आहे. सोसलेलं माणूस मऊच होतं असं नाही. शेजारची एक सून थकून रडली तेव्हा आमची आईच पटकन बोलून गेली होती, "आम्ही नाही का केलं?" नंतर तिला वाईट वाटलं. पण सोसल्याचं मोजमाप हातात आलं की माणूस दुसऱ्याला त्याच मापाने मोजतो.

मग अधिकार कशातून येतो? इथे मला पुंडलिक आठवतो.

आपण पुंडलिकाची गोष्ट मातृपितृभक्तीची म्हणून सांगतो. आणि खरं सांगू, बऱ्याचदा ती गोष्ट करणाऱ्याचं तोंड बंद करायला वापरतो. "केवढं पुण्य गाठीला बांधतेयस गं!" असं म्हणून नातेवाईक चहा पिऊन निघून जातात. शिवाय चित्रात पाय चेपणारा मुलगा असतो, घरात मात्र बहुतेक वेळा सून किंवा मुलगी. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात घरच्यांची विनामोबदला काळजी घेणाऱ्यांचं प्रमाण बायकांत २७.६ टक्के होतं, पुरुषांत १४. वेळ बायकांचा दिवसाला सरासरी १३४ मिनिटं, पुरुषांचा ७६. पुंडलिकाची गोष्ट सांगणारे मुलगे पुष्कळ, मीही त्यातलाच.

पण या गोष्टीत दुसरंही एक पात्र आहे. दाराशी आलेला पांडुरंग. त्याच्याकडे सगळं आहे, सत्ता, ऐश्वर्य, देण्याची इच्छा. आजच्या भाषेत सगळ्यात मोठा देणगीदार. पुंडलिक वळूनही न बघता वीट फेकतो, थांब म्हणतो. देव रागावत नाही. "मी एवढा आलोय आणि तू येत नाहीस?" असं म्हणत नाही. सेवा अर्धवट टाकून माझ्याकडे ये, असंही नाही. करणाऱ्याने जी जागा दाखवली तिथे, त्याच्या वेळेनुसार, तो उभा राहतो. कमरेवर हात ठेवून, अजून उभाच आहे.

मला वाटतं, ट्रस्टीचा अधिकार यातून येतो. त्याने किती सोसलं किंवा किती दिलं यातून नाही. करणाऱ्याने दाखवलेल्या विटेवर तो थांबू शकतो का, यातून. विश्वस्त या शब्दातच विश्वास आहे. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यात ट्रस्टीला ट्रस्टची जमीन धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. म्हणजे सही त्याची, पण वस्तू त्याची नाही. मान, खुर्ची, पाटी यांनाही हेच लागू नको का?

कुणी म्हणेल, नुसतं उभं राहून संस्था चालते का? नाही. हिशेब चोख हवेत, देणगीदाराला नाही म्हणायची हिंमत हवी, कडू निर्णय घ्यावे लागतात. पण ते निर्णय कुणाच्या चालीने घ्यायचे, एवढाच प्रश्न आहे.

मी अध्यक्षांना फोन केला. म्हटलं, येतो, पण दोन गोष्टी. मीटिंगची वेळ या घरांना विचारून ठरवूया, आणि मीटिंगच्या वेळी त्यांच्या घरी मदतनीस पाठवूया, खर्च संस्थेचा. ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "हे आम्हाला सुचलंच नाही हो." त्यात खोटेपणा नव्हता. मलाही सुचलं नव्हतं, आईने सांगेपर्यंत. सभागृहाचं अजून ठरलेलं नाही. पुढची मीटिंग दुपारी ३ वाजता आहे, तेव्हा बहुतेक घरांत पेशंट झोपलेला असतो. चार जणी येणार आहेत. मी त्या दिवशी फक्त ऐकायचं ठरवलंय.

आषाढीला आपल्यातले बरेच जण कोल्हापूरहून नंदवाळला चालत जातो, पुईखडीचं रिंगण बघतो, फोटो टाकतो. या वर्षी जाताना आठवा, आपल्या गल्लीत कुणीतरी यायची इच्छा असून घरी थांबलेलं असेल.

आजचा संकल्प : अशा एका घरी जा. "काही लागलं तर सांग" असं म्हणू नका, ते कुणीच सांगत नाही. "तुला कुठली वेळ मोकळी हवी आहे?" एवढं विचारा, आणि त्या वेळेला जाऊन बसा.

येत्या नोव्हेंबरात मी आईला किरणोत्सवाला घेऊन जाणार आहे. उशीर झालाय, माहीत आहे.

राम कृष्ण हरी.