खोका हाती घेऊन

सावकाश बसा. दुपारची जेवणं आटोपली, भांडी घासून पालथी पडली, की दिघोरीतली घरं जरा निवतात. त्या वेळेला ओसरीवर भिंतीला पाठ टेकून बसलात तर उत्तम. हात मांडीवर मोकळे ठेवा. डोळे मिटायचे तर मिटा. श्वास आपसूक येऊ द्या, आपसूक जाऊ द्या.

आता त्या रिकाम्या हातांत एक खोका आहे असं समजा. वीतभर लांबीचा, पुठ्ठ्याचा, वरून लाल कागद चिकटवलेला. खेळण्यातल्या आगगाडीच्या डब्याचा खोका आहे हा. आत डबा आहे का, हे लगेच बघू नका. उघडायची घाई होते, ती होऊ द्या आणि जाऊ द्या. आधी कडेवरून बोट फिरवा. कोपऱ्यावरचा लाल कागद झिजून खालचा करडा पुठ्ठा दिसतोय. इथे पुष्कळ वेळा अंगठा टेकला आहे.

खोका वळवून त्याच्या तोंडाकडे बघा. तिथे डब्याचं नाव आणि क्रमांक छापलेला आहे. हॉर्नबीची गाडी असावी. इंग्लंडातल्या लिव्हरपूलला, बिन्स रोडवरच्या मेकॅनोच्या कारखान्यात फ्रँक हॉर्नबी यांनी १९२० साली या गाड्या काढल्या. १९३८ साली त्यांच्याच कंपनीची आणखी लहान, डब्लो नावाची गाडी आली. तिथल्या पुष्कळ खोक्यांवर छपाईचा एक बारीक आकडा असे. जाणकार त्यावरून खोका कोणत्या साली छापला ते सांगतात. डब्याच्या पत्र्यावर सहसा असं काही लिहिलेलं नसतं. डबा कधीचा, कोणत्या रंगात विकायला आला, कोणत्या संचातला, हे पुष्कळदा हा पुठ्ठाच सांगतो. म्हणून जुन्या गाड्यांच्या बाजारात खोक्यासकट डब्याचा भाव आणि नुसत्या डब्याचा भाव यांत फार अंतर पडतं. रिकामे खोकेही विकले जातात. ज्याच्याकडे उघडा डबा आहे, तो त्याचा खोका शोधत वर्षानुवर्षं फिरतो.

हे ऐकून मन लगेच पैशाकडे धावेल. धावू दे, आपण इथेच थांबू.

खोका टाकण्यासाठीच केलेला होता. गाडी घरी आली, मुलाने झाकण ओढलं, कागद फाटला, गाडी जमिनीवर आली आणि खोका केराबरोबर गेला. बहुतेक घरांत असंच झालं, आणि त्यात कुणाची चूक नव्हती. काही मोजक्या घरांत मात्र कुणीतरी तो उचलला. आईने असेल, घर झाडणाऱ्या बाईने असेल. झाकण दाबून बसवलं आणि फळीवर ठेवला. पुढे याला भाव येईल असं त्या हाताच्या मनातही नव्हतं. त्या हाताकडे थोडा वेळ लक्ष असू द्या. त्याचं नाव शोधू नका.

याच्या अगदी जवळची गोष्ट तुमच्या भागात आहे. दिघोरीत रेल्वे नाही. गाडी धरायची तर वडशाकडे जावं लागतं. तिथून जाणारा गोंदिया-नागभीड-चांदा फोर्ट हा मार्ग पूर्वी अडीच फुटी रुळांचा होता. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात तो मोठ्या रुळांचा झाला आणि छोटी गाडी गेली. तशा छोट्या रुळांवरची इंजिनं आज नागपूरला मोतीबागेतल्या संग्रहालयात बघता येतात; ते २००२ साली उघडलं. इंजिन लोखंडाचं, जड, ते कुठे जाणार? तिकिटाचं बघा. जाड पुठ्ठ्याचं, दोन बोटांत मावणारं. चढताना चिमट्याने टोचलं जायचं, उतरताना फाटकावर परत द्यावं लागायचं. नियम पाळणाऱ्या माणसाकडे ते उरणारच नाही. तरी जुन्या ट्रंकेत, पोथीच्या पानांत एखादं सापडतं. फाटकावर त्या दिवशी कुणी नसेल, किंवा बाळाला कडेवर घेऊन गर्दीतून वाट काढताना ते पदराच्या गाठीत राहून गेलं असेल. तिकीट आणि खोका, दोन्ही काम संपल्यावर नाहीसे व्हायचे होते. जे उरलं ते कुणाच्या तरी हातून उरलं. मला त्यांच्या मोलाचं मूळ इथे दिसतं. दुर्मीळपणा त्यानंतर येतो.

आता झाकण उघडा, हळू. कडा जुन्या आहेत, वाकवू नका. आत डबा असेल तर त्याच्या चाकांकडे बघा. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या काही गाड्यांत जस्ताच्या मिश्रधातूचं ओतकाम होतं. त्यात शिसं मिसळलेलं राहिलं की धातू वर्षांमागून वर्षं आतून फुगतो, तडकतो, बोटाखाली भुगा होतो. खोका कितीही जपला तरी ही खोड थांबत नाही. पुठ्ठा शाबूत आणि आतला डबा भंगलेला, असंही घडतं.

डबा नवाकोरा असेल तर आणखी एका गोष्टीशी थांबा. खोका इतका सरळ राहिला, कारण गाडीशी फार कुणी खेळलं नाही. एखादं मूल लवकर मोठं झालं असेल. एखाद्याला हात लावायची परवानगीच नसेल. हे बोचतं, बोचू द्या.

तान्ह्या पोळ्याचा तुमच्या घरातला लाकडी बैल आठवा. त्याला खोका कधीच नव्हता. जुन्या लुगड्यात गुंडाळून माळ्यावर, वर्षातून एकदा खाली, चाकांना तेल, शिंगांना रंग, गळ्यात तोरण. एक शिंग मोडून पुन्हा चिकटवलेलं असेल. त्याला जपलं ते वापरून. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींनी १९९८ साली उघडलेल्या छोट्या रेल्वेच्या संग्रहालयातही गाड्या धावताना बघायच्या असतात. मुलं रुळांवरून नजर हलवत नाहीत. मला जपण्याच्या दोन्ही तऱ्हा खऱ्या वाटतात. त्यांत निवड करायला कुणी सांगितलेलं नाही, तुम्हीही आत्ता करू नका.

खोक्याचं झाकण लावा. तळाशी पेन्सिलीने लिहिलेली दुकानदाराची किंमत असेल, एखाद्या मुलाचं वाकडं नाव असेल. नव्याने छापलेले हुबेहूब खोके आता मिळतात. कागद तसाच, लालही तसाच. त्यांवर हे वाकडं नाव नसतं.

तुमच्या घरच्या ट्रंकेतही असं काही निघेल. तिकीट, दागिन्याची डबी, घड्याळाचा पुठ्ठा. फाटलेल्या कडेला चिकटपट्टी लावू नका, ती पिवळी पडते आणि निघताना कागद घेऊन निघते. पावसाळ्यात भिंतीला टेकवून ठेवू नका, ओल लागते, कसर लागते. लिहिलेलं पुसू नका. कुणाचं, कुठून आलं, ते घरात ज्याला ठाऊक आहे त्याला आजच विचारा आणि वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहून आत ठेवा.