बरं झाल्यानंतरचं निदान

१९७८ मध्ये न्यूयॉर्कच्या कवयित्री ऑड्री लॉर्ड यांचा कर्करोगग्रस्त स्तन काढावा लागला. भेटायला आलेल्या बाईंनी लोकरीचा कृत्रिम स्तन दिला. तो फिकट गुलाबी होता आणि लॉर्ड कृष्णवर्णीय. तो वापरायला त्यांनी नकार दिला.

फेब्रुवारी १९८४. पन्नाशीला दोन आठवडे उरले असताना कळलं, रोग यकृतात पोचलाय.

पहिल्या निदानात भीती असते, पण उपचारांचा आधारही असतो. दुसरं निदान त्या आधारालाच हात घालतं. ‘सगळं तर केलं होतं, मग चुकलं कुठे?’ आपल्याकडे लगेच कुणीतरी प्रारब्धाचं नाव घेतं. हे क्रूर आहे, आणि अर्धवटही: कर्मविचाराचा रोख मागच्या हिशेबाइतकाच पुढच्या कृतीकडे आहे, हे विसरलं जातं.

शरीरात घडतं ते वेगळंच. उपचारांतून निसटलेल्या थोड्या पेशी वर्षानुवर्षं सुप्त राहून पुन्हा वाढू शकतात. यकृतात वाढल्या तरी तो स्तनाचाच कर्करोग असतो. कधी त्यांच्यावरचे हार्मोनचे ग्राही (रिसेप्टर) बदलतात, म्हणून डॉक्टर पुन्हा बायोप्सी सुचवतात. यात रुग्णाचं पाप कुठेच नाही.

मधली बरी वर्षंही त्यामुळे खोटी ठरत नाहीत. ती जगलेली असतात.

लॉर्ड रडल्या, चिडल्या, आणि त्याच वर्षी बर्लिनला शिकवायला गेल्या. या काळाची रोजनिशी १९८८ मध्ये ‘अ बर्स्ट ऑफ लाइट’ या पुस्तकात आली. १९९२ मध्ये, वयाच्या ५८व्या वर्षी त्या गेल्या.