काशीचे परत्व

मुंबई आणि वाराणसी येथील विमानतळांमधील सरळ अंतर सुमारे १२५० किलोमीटर असून विमानाला ते कापण्यास साधारण सव्वादोन तास लागतात. आकाशातील पूर्ण वेगाचाच हिशेब धरला तर दीड-पावणेदोन तास पुरावेत, परंतु धावपट्टीपर्यंतचा खोळंबा, चढ आणि उतार यांत उरलेला वेळ जातो. हा तपशील निर्विवाद आहे. पण ज्या काशीसाठी आमच्या पूर्वजांनी घरादाराची निरवानिरव करून, परतण्याची शाश्वती नसताना प्रस्थान ठेवले, ती काशी खरोखर जवळ आली काय?

वैशेषिक दर्शनकारांनी दिक् आणि काल ही स्वतंत्र द्रव्ये मानली, आणि परत्व व अपरत्व हे गुण दोन्हींच्या आश्रयाने सांगितले. त्यांचे भाष्यकार प्रशस्तपाद यांच्या विवेचनात दैशिक परत्व, म्हणजे दूरपणा, आपल्या आणि त्या वस्तूच्या मध्ये एकास एक लागून असलेल्या संयोगांच्या बाहुल्यावरून कळते. कालिक परत्व, म्हणजे ज्येष्ठत्व, सूर्याच्या अधिक फेऱ्यांवरून. आणि दोहोंच्या उत्पत्तीस जाणणाऱ्याची अपेक्षाबुद्धी, म्हणजे एकाच्या तुलनेत दुसरे पाहणारी बुद्धी, लागते. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेकडे निघाले, आणि पुढे काशीची गंगा कावडीने घरी घेऊन आले, तेव्हा प्रत्येक नदीचा उतार, प्रत्येक मुक्काम हा त्या साखळीतला एकेक संयोग त्यांच्या पायांना ठाऊक झाला होता. विमानात ही साखळी तुटत नाही, ती केवळ बुद्धीला दिसेनाशी होते. म्हणूनच वाराणसीच्या बाबतपूर विमानतळावर उतरलेल्या माणसाला आपण पोहोचलो हे कळते, पण दूर आलो हे कळत नाही. सूर्य मात्र ते विसरत नाही. आपली प्रमाणवेळ मिर्झापूरजवळच्या रेखावृत्ताची, म्हणजे जवळपास काशीचीच. मुंबईचा सूर्य तिच्या सुमारे चाळीस मिनिटे मागे असतो, आणि म्हणून घड्याळातल्या सव्वादोन तासांत आकाशातला दिवस जवळजवळ तीन तासांनी पुढे सरकलेला असतो.

मत्स्यपुराणातील प्रयागमाहात्म्य वाहनाने केलेली यात्रा निष्फळ ठरवते, असे सांगून कित्येक जण या प्रश्नाचा निकाल लावतात. मला तो निकाल मान्य नाही. कारण तेथे दोष जोडला आहे तो ऐश्वर्याच्या, लोभाच्या आणि मोहाच्या पायी वाहनात बसणाऱ्याला, आणि ज्याचे पायच उरले नाहीत त्याच्याविषयी ते वचन बोलत नाही.

माझ्या आईचे पाय असेच गेले होते. ऐंशीव्या वर्षी मी तिला विमानाने काशीला नेले. त्याआधीची चाळीस वर्षे ती, आधी संसार आणि मग दुखणी यांतून, काशीचे नाव घेत आली होती, आणि त्या चाळीस वर्षांपुढे सव्वादोन तासांची गोष्ट मला बोलवेना. घाटाच्या पायरीवर तिच्या मस्तकी गंगा घातल्यावर ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “आपलं घर कुठल्या बाजूला रे?” मी नैर्ऋत्येकडे हात केला. तिने खुर्ची वळवून घेतली, आणि गंगेकडे पाठ झाली तरी त्या दिशेला हात जोडले.