शुद्ध प्रत आणि प्रामाणिक प्रत

जुन्या चित्रपटाची डिजिटल आवृत्ती 'स्वच्छ' म्हणून प्रसृत होते तेव्हा ह्या विशेषणाने नेमके काय अभिप्रेत असते? प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो. वस्तुतः तो पाठचिकित्सेचा, आणि म्हणूनच नीतीचाही आहे.

प्रभातचा 'कुंकू' (1937) घेऊ. व्ही. शांताराम यांनी त्यात पार्श्वसंगीत वर्ज्य केले आणि प्रसंगातल्याच वस्तूंच्या ध्वनींवर भिस्त ठेवली. पट्टीच्या कडेला मुद्रित झालेला असा ध्वनी झिजला की त्यात खरखर मिसळते. ती काढणाऱ्या संगणकीय प्रक्रियेपाशी, जीर्णता कोणती आणि कलाकृतीची शांतता कोणती, हा विवेक नसतो. तिचा अतिरेक झाला की 'स', 'श' यांची धार आणि वाक्यामागचा श्वासही जातो. उरते ती शांतता चित्रपटाची नसते, यंत्राची असते. दृश्याचेही तसेच. पट्टीचा कण पुसला की चेहरे मेणाचे होतात. चारास तीन प्रमाणाची चौकट सोळास नऊच्या पडद्यावर कडेपर्यंत ताणून बसवली, की वरखालचा मिळून पाव भाग कापला जातो.

यावर आक्षेप असा, की ओरखडे दिग्दर्शकाला कुठे हवे होते? आक्षेप रास्त आहे. ओरखडा म्हणजे कलाकृती नव्हे. परंतु काळाने जे लादले ते काढणे वेगळे, आणि त्या काळाच्या साधनांनी जे घडवले ते काढणे वेगळे. पहिली प्रतिशुद्धी, दुसरे पुनर्लेखन. दोहोंमधील सीमा नेहमी स्पष्ट नसते. म्हणूनच संपादकाने स्वतःचा हात लपवू नये.

एकनाथांनी शके 1506 मध्ये (इ. स. 1584) ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा पाठांतराने ग्रंथ अशुद्ध झाल्याचे कारण, काळ आणि आपले नाव त्यांनी अखेरीस नोंदवले. वगळलेले पाठ मात्र नोंदले नाहीत, ही आधुनिक चिकित्सकाला जाणवणारी उणीव. तरीही हस्तक्षेप झाला आहे एवढे वाचकाला कळले, आणि एकनाथपूर्व पाठाचा शोध घेणे पुढील संशोधकांना शक्य झाले. आजच्या बहुतेक डिजिटल आवृत्त्या एवढेही सांगत नाहीत.

हे मौन गंभीर ठरते, कारण तुलनेसाठी मूळ हाती असेलच असे नाही. 2003 मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट पट्ट्या आगीत नष्ट झाल्या. शिवाय पारनेरसारख्या तालुक्याच्या गावी शिकणाऱ्या विद्यार्थ्याला 'कुंकू' भेटतो तो बहुधा मोबाइलच्या पडद्यावर. त्याच्यापुरती तीच संहिता आणि तीच प्रमाण प्रत. तिच्या आधारे तो अभिनयाविषयी, ध्वनियोजनेविषयी विधाने करणार. संपादकाचा निर्णय त्याला दिग्दर्शकाचा वाटला, तर दोष त्याच्या आस्वादशक्तीचा मानता येणार नाही.

तेव्हा अपेक्षा निर्दोष प्रतीची नाही. कोणत्या पट्टीवरून प्रत केली, काय काढले, काय भरले, चौकट राखली की नाही, एवढे निवेदन आवृत्तीसोबत असावे. पाठशुद्धीचा अधिकार त्या कबुलीतूनच प्राप्त होतो. ती नसेल तर सर्वांत देखणी प्रतही अनधिकृत प्रक्षेपच ठरते.