अंगावरचं की वरचं?

कोयनानगरच्या आमच्या वसाहतीत बाळाला बघायला येणारी प्रत्येक बाई विचारते, "अंगावरचं पाजतेस की वरचं?" माझं उत्तर दोन्हींत बसत नाही. बाळाला नीट ओढता येत नव्हतं, म्हणून मी दिवसरात्र मिळून आठ वेळा पंपाने दूध काढते आणि वाटी-चमच्याने पाजते. दूध माझंच. तरी ऐकावं लागतं, "पण ते काही अंगावरचं नाही."

१९८९ साली मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. आयांनी काढून दिलेलं दूध तिथे दुसऱ्यांच्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांना मिळतं. त्याला आपण दान म्हणतो. मग तसंच दूध स्वतःच्या बाळासाठी काढलं की कमअस्सल कसं ठरतं?

कुशीची ऊब मोलाचीच आहे. पण ती मांडीवर घेऊन चमचा धरतानाही देता येते.

एसटी स्थानकातल्या स्तनपानाच्या खोलीला आपण हिरकणीचं नाव दिलं. रायगडाचा कडा उतरली म्हणून ती आपल्या लक्षात राहिली. ती मात्र निघाली होती बाळ उपाशी राहू नये म्हणून. रात्री तीनला मी पंप हातात घेते, तोही त्यासाठीच.