दुधाचे पैसे आणि दिंडीची भिशी

जमिनीच्या वाटणीवरून भाऊ भाऊ कोर्टात जातात, हे सर्वांना ठाऊक आहे. पण दुधाच्या पैशांतून उरलेल्या चार नोटांवरून घरे कशी दुभंगतात, हे कीर्तनकाराच्या कानी जितके पडते तितके वकिलाच्या कानीही पडत नसेल. असाच एक तंटा आमच्यापुढे आला. त्यात वारीचा संबंध असल्यामुळे तो भाविक वाचकांपुढे मांडावासा वाटला.

घर भोसरीकडचे. नवरा-बायको दोघे नोकरीला, मूल अडीच वर्षांचे. नवऱ्याची थोरली बहीण विधवा, जवळच राहणारी, माळकरी. सकाळी आठ ते संध्याकाळी सात मूल तिच्यापाशी. दूध, फळे, कधी औषध, कधी रिक्षा, यासाठी भावजय दरमहा चार हजार रुपये तिच्या हाती ठेवी. उरेल ते आत्याबाई डब्यात टाकीत. ज्येष्ठ लागला, दिंडीची भिशी भरण्याची वेळ आली, तेव्हा त्यांनी डब्यातले साडेतीन हजार काढून दिंडीप्रमुखाकडे भरले. पुढे मुलाला ताप आला, भावजयीने विचारले, "वन्सं, मागचे उरलेले असतील ना?" आणि तिथून बिनसले. आत्याबाई म्हणाल्या, "मी काय पगारी बाई आहे, हिशेब द्यायला?" भाऊ मध्ये पडला, "जाऊ दे गं, देवाच्या कामाला गेले ना! आक्का, तू काही मनावर घेऊ नकोस." त्याने वाद मिटला तर नाहीच, उलट भावजय नवऱ्याशीही बोलेनाशी झाली.

आता यात चोर कोण? आमच्या मते कोणीच नाही. आणि म्हणूनच हा प्रश्न अवघड. चोर असता तर निवाडा सोपा होता.

भांडणाचे मूळ असे की त्या चार हजारांना घरात तीन नावे होती. भावजयीच्या मनात ती मुलाची ठेव. आत्याबाईंच्या मनात, खर्च वजा जाता उरेल ते आपल्या कष्टाचे. भावाच्या मनात, बहिणीला दिले ते दिले, ओवाळणीसारखे. नाव मात्र तोंडाने कोणीच उच्चारले नाही. नात्यात पैशाचे नाव घेणे आपल्याला ओशाळवाणे वाटते.

आमच्या शास्त्रकारांना तसे वाटत नव्हते. मनूने व्यवहाराची जी अठरा पदे सांगितली, त्यांत ऋणादानाच्या लगेच पाठोपाठ निक्षेप, म्हणजे ठेव, येते. कल्याणच्या विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा लिहिली, तीत तर बारीक भेद केला आहे. आत काय आहे ते न सांगता बंद करून दिलेली वस्तू म्हणजे उपनिधी, आणि समोर मोजून दाखवून दिलेला तो निक्षेप. ठेव चोराने नेली, दैवयोगाने नष्ट झाली, तर ठेवणाऱ्याला दोष नाही. पण मालकाच्या संमतीवाचून स्वतःसाठी वापरली, तर व्याजासह परत आणि वर दंड. तेथे नात्यागोत्याची सूट आम्हांस आढळली नाही. पुढे इंग्रजी अमलात झालेल्या 1872 च्या करार कायद्यानेही ठेव सांभाळणाऱ्यावर, स्वतःच्या मालाची जेवढी काळजी शहाणा मनुष्य घेईल तेवढी घेण्याचे ओझे घातलेच आहे. सांगायचे तात्पर्य, हिशेब विचारणे म्हणजे संशय घेणे, ही समजूत शास्त्रातली नव्हे, ओसरीवरची आहे.

"पण पैसे वारीला गेले!" हा भावाचा मुद्दा वारकऱ्याला चटकन पटतो. म्हणून त्यावर थोडे थांबू.

दामाजीपंतांची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. मंगळवेढ्याला दुष्काळ पडला, पंतांनी बादशहाची कोठारे लोकांसाठी उघडली. याहून पुण्याचे काम कोणते? उपाशी माणसे जगली. पण पांडुरंगाने काय केले? "धान्य सत्कार्याला गेले, आता विचारू नका," असा निरोप बेदरला धाडला का? नाही. विठू महाराचे रूप घेऊन तो स्वतः गेला, धान्याची किंमत पुरी भरली, आणि (ही गोष्ट आम्ही कीर्तनात नेहमी ठासून सांगतो) भरल्याची रसीद घेतली! देवालासुद्धा पावती लागली. दुसऱ्याच्या धनाने केलेले पुण्य देवाने नाकारले नाही, पण धन ज्याचे त्याला पोचते केल्याशिवाय तो राहिला नाही. तेव्हा आत्याबाईंची वारी बाटली असे आम्ही म्हणणार नाही. साडेतीन हजार मात्र बाकी आहेत.

आता भावाकडे वळू. त्याने जे "जाऊ दे" म्हटले, ते उदारपण दिसते. तुकोबारायांनी कर्जखते इंद्रायणीत बुडवली, हा आपल्याकडे उदारपणाचा मोठा दाखला. परंतु परंपरा सांगते की बुडवण्याआधी त्यांनी खतांच्या दोन वाटण्या केल्या आणि धाकट्या कान्होबाची निम्मी त्याच्या हवाली केली. पाण्यात टाकली ती स्वतःच्या वाट्याची. विरक्ती स्वतःच्या हक्कावर चालते, दुसऱ्याच्या नव्हे. त्या घरातले चार हजार भावजयीच्या पगारातून जात होते. नवऱ्याने बायकोचे खत बुडवले आणि कीर्ती आपल्या नावावर लिहून घेतली. तिला राग आला तो बहुधा साडेतीन हजारांचा नव्हेच.

येथवर वाचून भावजय खूश होईल, तर तिलाही दोन शब्द आहेत. रोजचे अकरा तास, महिन्याचे पंचवीस दिवस, ही आत्याबाईंची ठेव नाही काय? दुधाची पिशवी मोजता येते म्हणून मोजायची, आणि रात्री पाय दुखतात ते मोजता येत नाहीत म्हणून त्यांना माया म्हणून सोडून द्यायचे, हा एकतर्फी हिशेब झाला. 2017 साली कायद्यात दुरुस्ती होऊन पन्नास वा अधिक नोकरदार असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. म्हणजे मूल सांभाळणे हे खर्चाचे काम आहे, हे सरकारने मानले, आणि आपण घरात मानायला कचरतो. आत्याबाई "मी पगारी बाई नाही" म्हणाल्या, त्यात अभिमान होता तशी थोडी खंतही असावी.

तथापि आत्याबाईंनी आपल्या कष्टाची भरपाई डब्यातून गुपचूप करून घ्यावी, हेही नीट नाही. देणे वेगळे, ठेव वेगळी. दोन्ही एका डब्यात घातली की माणूस स्वतःशीच खोटे बोलू लागतो. एकनाथ महाराज देवगिरीला जनार्दनस्वामींच्या दप्तरात एका पैच्या चुकीसाठी रात्रभर दिवा लावून बसले, ते काही पै मौल्यवान होती म्हणून नव्हे.

आम्ही त्या तिघांना सांगितले ते असे. मुलाच्या खर्चाचे पैसे निराळ्या डब्यात, शेजारी वही. पावती नसेल तेथे नुसता आकडा लिहावा. आत्याबाईंना महिन्याला काय द्यायचे ते भावाने स्वतःच्या पगारातून, स्वतःच्या तोंडाने ठरवावे. त्या नको म्हणाल्या तर ते नको म्हणणे त्यांचे, भावाने गृहीत धरायचे नाही. आणि भिशीचे साडेतीन हजार आत्याबाईंनी सावकाश डब्यात परत घालावे.

शेवटचे कलम भावाला कडक वाटले. आत्याबाईंना वाटले नाही. त्यांनी पहिले पाचशे त्याच आठवड्यात घातले. नणंद-भावजय पूर्वीसारख्या बोलतात असे मात्र ऐकिवात नाही. आणि पालखी निघाली की पंढरपूर होईतो मूल कोणापाशी ठेवायचे, हे त्या घरात अजून ठरायचे आहे.